ठकूबाईने माठ पेरले

अंतोबा महाराज त्या वर्षी वैशाखाच्या तोंडावर कातळगावात आले आणि महादेवाच्या देवळात आसन टाकून बसले. महिनाभर देवळाचा उंबरा ओलांडायचा नाही, असा त्यांचा नेम होता. गाव नावासारखंच. बोटभर माती खरवडली की खाली काळा कातळ लागे, आणि दुपारी त्या कातळावर अनवाणी पाय पडला तर चांगला पोक्त माणूसही नाचायला लागे. अशा ठिकाणी महाराजांनी काय पाहिलं, असं लोक विचारीत. महाराज म्हणत, "महादेव इथं कधीचा बसलाय. त्यानं तक्रार केल्याचं मी ऐकलं नाही."

या देवळात दोन मान पूर्वापार चालत आलेले. वैशाखात पिंडीवर गळती बांधतात, म्हणजे बुडाला बारीक भोक पाडलेला, थेंब थेंब पाणी सोडणारा माठ टांगतात, तो कुंभाराच्या घरचा. आणि वैशाख अमावास्येला देवाला भाकरी आणि माठाच्या भाजीचा नैवेद्य दाखवतात, ती भाजी देशमुखांच्या मळ्यातली.

आता माठ म्हणजे पाण्याचा माठ, माठ म्हणजे पालेभाजी, आणि ज्याच्या डोक्यात काही शिरत नाही तोही माठच. आपल्या लोकांनी एका शब्दात तीन कामं भागवली आहेत. भाविकहो, ही कथा त्या तिन्ही माठांची आहे, तेव्हा जरा नीट ऐका, नाहीतर कोणता माठ कुठला ते कळायचं नाही.

कुंभाराच्या घरात ठकूबाई एकटीच उरली होती. नवरा जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. जाताना त्यानं बायकोकडे दुसरं काही मागितलं नाही, एवढंच म्हणाला, "देवाचा माठ चुकवू नको." म्हणून ठकूबाईनं त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच एकटीनं भट्टी लावली. माठाच्या मातीत राख चाळून घालतात. ती किती, हे नवरा हाताच्या अंदाजानं ठरवी. ठकूबाईनं राख घातली, मग त्याची आठवण येऊन तिथंच रडत बसली, आणि डोळे पुसून उठल्यावर राख घातली की राहिली हे काही तिला आठवेना. तिनं पुन्हा घातली. बावीस माठ निघाले, दिसायला देखणे, आणि बावीसच्या बावीस पाझरणारे. सकाळी भरलेलं पाणी संध्याकाळपर्यंत जमिनीत. असा माठ कोण घेणार? आल्या बाया हात लावून हसत परत गेल्या.

प्रतिपदेला त्यातलाच एक माठ डोक्यावर घेऊन ती देवळात आली. सभामंडपात हैबतराव देशमुख बसलेले होते. गावातली एकुलती एक बारमाही विहीर यांची, मळा यांचा, आणि बोलण्याचा पहिला हक्कही यांचाच. गुरवानं माठात पाणी ओतलं तशी माठाला सगळ्या अंगानं घाम फुटला.

"ठके," हैबतराव म्हणाले, "याला भोक पाडायचे कष्ट तरी कशाला घेतलेस? अंगभर भोकंच आहेत की." मंडपातले लोक हसले. त्यानं हैबतरावांना चेव आला. "माठ असले, आणि घडवणारी त्याहून माठ. हा महिना निभावून ने. अमावास्येला मी गावापुढं विषय काढतो आणि हा मान शेजारच्या गावच्या कुंभाराला देऊन टाकतो. देवाचं काम आहे, पोरखेळ नव्हे."

उपाशी राहायची ठकूबाईला सवय होती, पण नवऱ्याचा शेवटचा शब्द आपल्या हातून मोडणार, हे तिला सोसवेना. ती खांबाला धरून उभी राहिली.

महाराजांनी जपाची माळ खाली ठेवली. "बाई, बाकीचे माठ कुठं आहेत?"

"परसात हायेत, महाराज. फोडून टाकनार हाय."

"फोडू नकोस," महाराज म्हणाले. "माठ पेर." आणि पुन्हा माळ हातात घेतली.

महाराजांच्या मनात भाजी होती, त्या माठांत माती भरून पेरायची. पण ठकूबाई कुंभाराच्या घरात जन्मली, कुंभाराच्या घरात नांदली. माठ म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढं एकच वस्तू येई. महाराजांनी माठ पेरायला सांगितले, म्हणजे पेरायलाच हवेत. का, कशासाठी, हे विचारायचं तिच्या मनातही आलं नाही.

पण पेरायचे कुठं? परसात तर नुसता कातळ. मग तिनं दगड उभे लावून त्या कातळावरच गुडघाभर उंच वाफे बांधले. आटलेल्या तळ्यातला गाळ पाट्या भरभरून आणला, त्यात शेणखत, भट्टीची राख, वाळका पाला मिसळला, आणि त्या वाफ्यांत एकवीस माठ ओळीनं गळ्यापर्यंत पुरले. येणारे-जाणारे कुंपणावरून पाहत आणि कपाळाला हात लावत. शेजारीण कोंडाबाई जिवाभावाची, तिनंसुद्धा विचारलं, "अगं बये, डोकं ठिकाणावर हाय ना?"

षष्ठीला ठकूबाई देवळात गेली आणि हात जोडून म्हणाली, "महाराज, माठ पेरले. एकवीसच्या एकवीस. आता उगवायला किती दीस लागत्याल?"

सभामंडपात असा हशा उसळला की कळसावरचे पारवे उडाले. हैबतरावांना तर ठसका लागला. महाराज मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "कुठवर पुरलेस?"

"गळ्यापत्तूर."

महाराजांनी माळ खाली ठेवली. मग म्हणाले, "ठकूबाई, मी भाजीचं बी पेरायला सांगितलं होतं. पण मी बोललो त्यापेक्षा तू ऐकलंस तेच बरोबर निघालं. आता त्या माठांत पाणी भर, तोंडावर झाकण ठेव, आणि भोवतीच्या मातीत माठाचं बी टाक. बी रुजेपर्यंत नुसता शिंतोडा दे, मग वरून थेंब घालू नकोस. या महादेवाला गार ठेवायला थेंब थेंब पाणी पुरतं ना? रोपाचंही तसंच असतं."

मंडपातलं हसू तिथल्या तिथं विरलं. हैबतराव तेवढे म्हणाले, "माठाच्या घरी माठाभोवती माठ. होऊ द्या." आणि उपरणं झटकून चालते झाले.

डोंगराखालच्या झऱ्यावरून ठकूबाई रोज दोन घागरी आणी. सकाळी एक, उन्हं कलल्यावर एक. पाझरका माठ उघड्यावर दिवसभरात रिता व्हायचा, तो मातीत पुरल्यावर चार-चार दिवस पुरू लागला. माती लागेल तेवढंच पाणी ओढून घेई. उघड्या मातीवर तिनं पाला पसरला, वर पळसाच्या फांद्यांची सावली केली. माठाचं बी ते केवढं, मोहरीहूनही बारीक. पाचव्या दिवशी पाल्यातून लालसर, हिरवे ठिपके डोकावले. ठकूबाई त्यांच्याशी बोलू लागली. नवरा गेल्यापासून त्या घरात बोलण्याचा आवाज आला तो तेव्हा.

वद्य सप्तमीला झऱ्यावरून येताना तिला ऊन लागलं. दारातच घागर खाली ठेवली आणि ती कोसळली. अंग तव्यासारखं तापलेलं. कोंडाबाईनं कांद्याचा रस चोळला, कैरीचं पन्हं पाजलं, कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या. पाच दिवस ठकूबाई अंथरुणाला खिळून होती. शुद्धीवर आली की एकच विचारी, "माठांत पानी घातलं का गं?" कोंडाबाई काय सांगणार? तिच्या स्वतःच्या घरी प्यायला पाणी पुरत नव्हतं. ती नुसती डोळ्यांना पदर लावी. ठकूबाईला कळायचं ते कळे. रोपं गेली, आणि रोपांबरोबर मानही गेला, असं म्हणून ती भिंतीकडे तोंड करी.

इकडे देवळात वेगळीच गडबड उडाली होती. रामलिंग गुरव रोज सकाळी गळतीचा माठ काठोकाठ भरी, पाण्यात गंध लावलेलं एक बेलाचं पान सोडी. दुपारी पाहावं तर माठ रिकामा आणि पिंडी कोरडी ठणठणीत. पान माठातच राहायला हवं, तर तेही नाही. पहिल्या दिवशी त्याला वाटलं, उन्हानं असेल. दुसऱ्या दिवशी तो गप्प राहिला. पाचव्या दिवशी, द्वादशीला, त्यानं घाबरत घाबरत तोंड उघडलं, आणि नेमके हैबतराव तिथं हजर.

"झालं समाधान?" हैबतराव कडाडले. "त्या बाईच्या माठानं देवालासुद्धा कोरडं ठेवलं. अमावास्येची वाट कशाला बघायची? आत्ताच उतरवा तो माठ."

महाराज शांतपणे म्हणाले, "उतरवू. पण घरातलं पाणी नाहीसं झालं तर माणूस आधी ते कुठं गेलं ते बघतो. मला नेमामुळं बाहेर पडता येत नाही. हैबतराव, तुम्ही आणि गुरव तेवढं ठकूबाईच्या परसात डोकावून या."

त्याच सकाळी ठकूबाईचा ताप उतरला होता. कोंडाबाईचा हात धरून ती परसात आली. जळालेलं रान पाहायचंच आहे तर एकदाचं पाहून घ्यावं, असं तिनं मनाशी धरलं होतं. दारात ती थबकली. वाफे काठोकाठ हिरवे होते. पान न् पान टवटवीत, वीतभर उंच.

"कोंडे, तू पानी घातलंस?"

"तुझी शप्पथ, न्हाई."

तेवढ्यात कुंपणाशी हैबतराव आणि गुरव येऊन उभे राहिले. गुरव पुढं झाला आणि त्यानं पहिल्या माठाचं झाकण उचललं. आत गळ्यापर्यंत पाणी, आणि पाण्यावर बेलाचं पान. त्यानं दुसऱ्याचं झाकण उचललं, तिसऱ्याचं उचललं. सगळे माठ भरलेले, आणि पहिल्या पाच माठांत एकेक पान. पहिलं वाळलेलं, दुसरं सुकलेलं, पाचवं अगदी ताजं. गुरवानं ते पान उचलून डोळ्यांजवळ धरलं. "हे गंध माझ्या हातचं आहे," तो म्हणाला. "आज सकाळी लावलेलं. अजून ओलं आहे." त्या गळतीच्या भोकातून मोहरीचा दाणा जेमतेम जाईल, बेलाचं पान कुठून जाणार! महादेवानं आपल्या डोक्यावरचं पाणी पाच दिवस ठकूबाईच्या परसात धाडलं होतं आणि स्वतः कोरडा बसला होता.

ठकूबाई मटकन खाली बसली आणि वाफ्याच्या दगडावर डोकं टेकून मनसोक्त रडली.

हैबतराव कुंपण ओलांडून पुढं झाले. आता त्यांची गोष्ट सांगायला हवी. त्यांच्या गडी-माणसांनी भर दुपारी मोटेचं पाणी मळ्यात नुसतं सोडून दिलं होतं. वरचं पाणी उन्हानं नेलं, मुळं उकडली, विहिरीनं तळ दाखवला, आणि माठाच्या वाफ्यात काडीसुद्धा हिरवी उरली नव्हती. अमावास्येला देवापुढं ठेवायला देशमुखांच्या घरात भाजीचं पान नव्हतं. हे त्यांना चार दिवसांपासून ठाऊक होतं आणि गावात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. देवळातला त्यांचा आवाज चढला होता, तो काही उगीच नव्हे.

"ठकूबाई," ते म्हणाले. ठके नाही, ठकूबाई. "माझा मळा जळाला. औंदा नैवेद्याची भाजी नाही माझ्याकडे."

आता हिनं दोन शब्द सुनावले असते तर कुणी तिला बोल लावला नसता. पण ठकूबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मग हितनं न्या की, मालक. भाजीचा मान तुमच्या घरचा हाय. त्यो मोडायचा कशापायी? मान मोडल्यावर कसं वाटतं, ते मला ठावं हाय."

हैबतरावांनी मान खाली घातली, ती वर केली नाही.

अमावास्येच्या सकाळी ठकूबाईनं कोवळा, लालसर माठ खुडला. पानं कोमेजू नयेत म्हणून वाफ्यातलाच एक माठ उकरून काढला, त्यात थोडं पाणी घेतलं आणि जुड्या देठांनी त्यात उभ्या केल्या. गडी उचलायला पुढं झाला. हैबतरावांनी त्याला मागं सारलं, पागोटं उतरवून काखेत घेतलं आणि माठ स्वतःच्या उघड्या डोक्यावर घेतला. माठ तो पाझरकाच. कुंभाराच्या घरापासून देवळापर्यंत साऱ्या गावादेखत थेंब थेंब पाणी त्यांच्या टकलावरून, कपाळावरून, मिशांवरून ओघळत राहिलं. कुणी हसलं नाही.

देवळात आल्यावर त्यांनी माठ देवापुढं उतरवला आणि महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. "महाराज, खरा माठ मीच."

"पाया पडायचंय तर तिथं पडा," महाराज म्हणाले आणि त्यांनी खांबाआड उभ्या असलेल्या ठकूबाईकडे बोट दाखवलं. हैबतराव उठले आणि तिच्यापुढं वाकले. ती लाजेनं चार पावलं मागं सरकली. "आवो, आसं नगा करू, मालक."

वर पिंडीवर तिची गळती पुन्हा ठिबकू लागली होती. हैबतरावांनी ओला चेहरा पुसायला उपरणं उचललं, तसा महाराजांनी त्यांचा हात धरला.

"राहू द्या, पुसू नका. एवढ्या वर्षांनी गळती लागलीय. डोकं जरा गार होऊ द्या."