पाठमोरी आई आणि ठकूची पहार

हरणवळच्या देवळात गेलात तर आधी देवीची पाठच दिसते. देवळाचं दार नदीकडे आणि देवी मात्र नदीकडे पाठ करून, मागच्या ओढ्याकडे बघत उभी. ओटी भरायची तर पोट आत ओढून भिंतीच्या कडेने पुढे सरकावं लागतं. ज्यांचं पोट आत जात नाही त्या आमच्यासारख्या बायका पाठीलाच हळदकुंकू लावून येतात. देवी रागावत नाही. ती रागावली असं गावाला एकदा वाटलं होतं, आणि तिथेच सगळं चुकलं.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. तेव्हा देवीचं तोंड नदीकडे होतं, आणि गावाचंही. पाणी येईल ते नदीतूनच, असं सगळे धरून चाललेले. खालच्या आळीत सुभानाचं घर सगळ्यात पुढे. आदल्या पुरात त्याचं धान्य कुजलं होतं. म्हणून त्याने जोतं उचललं, उंबऱ्यावर मांडीएवढा दगडी बांध घातला आणि मातीत ताग-शेण कालवून फट न् फट लिंपली. वर देवीसमोर शपथ घेतली, की या उंबऱ्यावरून पाणी आत आलं तर मी पुन्हा या घरात पाऊल टाकणार नाही. गावाने वाहवा केली. वाहवा करण्यात आपलं गाव कधी मागे राहिलेलं नाही.

घरात त्याची बायको कोंडाबाई आणि सून ठकू. मुलगा बैल घेऊन घाटावर गेलेला. कोंडाबाई तोच बांध ओलांडताना पडली होती, आणि खुबा मोडून मधल्या खोलीत बाजेवर आडवी होती.

श्रावणात झड लागली ती थांबेना. एका सकाळी गुरवाने देऊळ उघडलं तर देवी वळलेली. गावाच्या तोंडचं पाणी पळालं. आई रुसली, आता नदी आपल्याला सोडत नाही, असं जो तो म्हणायला लागला. पुरुषमाणसं पहारी घेऊन देवीला सरळ करायला धावली. सुभाना सगळ्यांच्या पुढे.

ठकू तेव्हा परसात राख टाकायला गेली होती. कुणाच्या तरी शेणी ओढ्यातून वाहत चालल्या होत्या, पण डोंगराकडे. ती बघतच राहिली. नदी तुडुंब भरलेली, ती ओढ्याला आत घेईना, आणि ओढा आल्या वाटेने माघारी फिरला होता. देवी रुसली नव्हती. ती नुसती बघत होती.

ठकू तशीच देवळाकडे पळाली. ‘मामंजी, पाणी मागनं येतंय. आई तिकडंच बघतीया.’

सुभाना घामाघूम होता. तो म्हणाला, ‘ओढा डोंगर चढतोय म्हण की. उद्या म्हणशील, भाकरी पिठात चालली.’ चारचौघे हसले. ठकूने मान खाली घातली, भिंतीशी टेकवलेली एक पहार उचलली आणि घराकडे निघाली. सासऱ्याला उलट बोलायची सोय नव्हती. पहार उचलायला मात्र कुणी मनाई केलेली नव्हती.

ती पोचली तोवर परसदारातून पाणी घरात शिरलं होतं. एरवी ते पुढच्या दाराने अंगणात गेलं असतं आणि खाली उतरलं असतं. पण पुढे सुभानाचा बांध. घराचा हौद झाला होता. बाजेच्या दोऱ्या भिजल्या होत्या. मातीच्या भिंतीचा खालचा थर विरघळत होता आणि कोंडाबाईच्या उशाशी भिंतीला फुगवटा आला होता. ठकूने सासूला काखेत धरून उचलायला बघितलं, तर मोडलेलं हाड हललं आणि म्हातारीने दात आवळले. माणसं बोलवायला जावं, तर भिंत तेवढी थांबणारी नव्हती.

ठकू बांधाशी गेली. पहार वर केली आणि हात तिथेच थांबला. सासऱ्याने देवीसमोर ज्याची शपथ घेतली तो उंबरा, आणि तो सुनेने फोडायचा.

बाजेवरून आवाज आला, ‘घाल घाव. माझं हाड मोडताना त्या बांधानं कुठं इचार केला हुता.’

ठकूने घाव घातला. दगड हलेना. सुभानाचं काम पक्कं होतं, आणि आज तेच नडत होतं. पाणी कोंडाबाईच्या पाठीला लागलं. भिंतीतून मातीचा एक गोळा गळून पाण्यात पडला. ठकू एकाच फटीत पहार घालून अंगाचा सगळा भार देत राहिली. अखेर लिंपण सुटलं, दगड निखळला आणि पाण्याने ठकूला, पाटीला, घागरींना एकदमच अंगणात नेऊन टाकलं. घराचा हौद रिकामा झाला. भिंत उभी राहिली.

धडधड ऐकून माणसं देवीला तशीच सोडून धावत आली. ओढा आता त्यांच्याही परसात होता. ज्याने त्याने आपापला उंबरा फोडला.

सुभाना मात्र फुटलेल्या बांधावर पावसात बसून राहिला. शपथ ती शपथ. ठकू चिखलात उभी, पहार पाठीमागे लपवून. त्या मुलुखात असे शब्दाला जागून घर सोडलेले लोक होते, आणि परत न आलेलेही.

मग आतून कोंडाबाई बोलली. ‘अहो, पाणी उंबऱ्यावरनं आत आलं न्हाई. भाईर गेलं. या आता. बाज उचलायला हात लागतोय.’

सुभानाने बराच वेळ विचार केला म्हणे. मग उठला आणि बांधाला पडलेल्या खाचेतून, पाय न उचलता, आत गेला.

आजही हरणवळात देवीला कुणी वळवत नाही, आणि दर उंबऱ्याला मधोमध खाच ठेवतात. नवी सून इथे माप ओलांडत नाही. तिच्या हातात पहार देतात आणि म्हातारी विचारते, ‘पाणी कुठनं येनार?’ सुनेने ओढ्याकडे बोट करायचं, असा रिवाज. गेल्या साली एका मुलीने बोट केलंच नाही. म्हणाली, ‘ते काय सांगून येणार आहे? पहार कुठे ठेवता ते दाखवा.’

म्हातारीने हातातलं ओवाळणीचं तबक खाली ठेवलं. मग बाजूला सरली आणि म्हणाली, ‘ये बाई, घरात ये.’