हाकेचा कडा

एकदा एका बेटावर एक वृद्ध ज्ञानी पुरुष राहत असे. बेटावरचा प्रत्येक खडक, प्रत्येक झरा त्याला नावानिशी ठाऊक होता आणि ती नावे तो आपल्या एकुलत्या एका शिष्याला शिकवीत असे.

पुढे पर्यटक आले. त्यांच्यामागून एक शेठ आला. व्यापारी म्हणाल तर पक्का. आधी त्याने जागोजागी सनसेट पॉइंट, लव्हर्स पॉइंट अशा पाट्या ठोकल्या. पण गिऱ्हाईक हळूहळू शहाणे झाले. सनसेट पॉइंट काय, त्यांच्या शहराबाहेरही होताच. त्यांना आता अस्सल काहीतरी हवे होते. धंद्यात नव्याला गिऱ्हाईक असते तसे जुन्यालाही असते, हे मी तुम्हाला काय सांगावे!

शेठ शाल-श्रीफळ घेऊन वृद्धाच्या दारी आला. "बाबा, जुनी नावं सांगा. पाट्या बदलतो. तुमच्या पूर्वजांचा मान राहील. तो पश्चिमेचा उंच कडा, त्याला काय म्हणायचं?"

शिष्याने मान ताठ केली. हे नाव त्याला पहिल्याच दिवशी मिळाले होते: हाकेचा कडा. वादळात होड्या अडकल्या की बायका तिथे उभ्या राहून हाका मारीत. एरवी जन्मभर नवऱ्याचे नाव न घेणाऱ्या बायका तिथे ते गळा फाडून घेत, आणि त्या आवाजाच्या रोखाने होड्या किनारा गाठीत. वृद्धाची आईही एकदा तिथे रात्रभर ओरडली होती. तिचा माणूस आला नाही.

वृद्ध म्हणाला, "राजहंस कडा."

"वा! काही कथा असेल ना मागे?"

"एका राजकन्येचा हंस उतरला होता तिथं."

शेठ खूश होऊन गेला. त्याची पाठ वळताच शिष्य म्हणाला, "बाबा, जन्मात कधी खोटं बोलला नाहीत, आणि आज हे?"

"त्यानं वाळू घेतली, झऱ्याला कुंपण घातलं," वृद्ध म्हणाला. "जे हाती लागेल त्याला तो कुंपण घालतो. नाव दिलं असतं तर तेही आत गेलं असतं. खरं नाव आपल्या तोंडी राहू दे. परक्याला पाटी पुरे."

शिष्याला ते पटले. खरे सांगतो, मलाही पहिल्यांदा ऐकताना पटले होते.

वीस वर्षे गेली. जुनी नावे घेणारी माणसेही एकेक करून गेली. वृद्ध पार थकला. एके सकाळी म्हणाला, "एकदा कड्यावर ने रे मला." पायवाट शेठच्या आवारात गेलेली, म्हणून दोघे होडीत बसले.

"हाकेच्या कड्याला सोड," वृद्ध म्हणाला.

होडीवाला हसला. "असं ठिकाण नाही इथं, आजोबा. मी इथलाच आहे, मला विचारा."

"पश्चिमेचा, तो उंच..."

"मग राजहंस कडा म्हणा की! नव्या माणसांचा होतो असा घोटाळा."

"तुझी आजी कोण रे?"

"हिरूबाई."

त्या कड्यावर हिरूबाईचा आवाज सर्वांत खणखणीत होता. त्या आवाजावर तिचा नवरा परतला, म्हणून तर हा होडीवाला जन्माला आला होता. वृद्धाने त्याला सारे सांगितले. त्याने ऐकून घेतले.

"गोष्ट बरी आहे," तो म्हणाला. "पण पाटीवर तसं काही नाही."

कड्यावर सिमेंटच्या हंसाभोवती फोटो काढणाऱ्यांची गर्दी होती. वृद्ध कठड्याशी गेला आणि आईने मारली होती तशी त्याने समुद्राकडे बापाच्या नावाने हाक मारली, "लखमाजी! ओ लखमाजी!"

मागे टाळ्या पडल्या. कुणीतरी म्हणाले, "आजोबा, अजून एकदा, रेकॉर्ड नाही झालं."

परतताना वृद्ध म्हणाला, "मला वाटलं, खोटा माल मी परक्याला दिला. तो आपल्याच पोरांनी घेतला. कारण खरा मी तुझ्या एकट्याच्या कानात ठेवला होता. या नावाला कुंपण शेठनं नाही घातलं. मी घातलं."

शिष्य उठून होडीवाल्याजवळ जाऊन बसला आणि हिरूबाईची हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला. होडीवाला मान हलवीत होता. इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू येत होते की नाही, कोण जाणे.