दारातला हत्ती

"मग तूच दाखव शिकवून! उद्या दुपारपर्यंत सगळी शास्त्रं एकाच पाठात! नाहीतर तुझा हत्ती जंगलात!" महाराज गरजले.

माहुताची लेक सगुणा गारच पडली. गजा हत्तीच्या पाठीवरच तर ती लहानाची मोठी झाली होती! पण जीभ आवरली नव्हती ना. राजकन्या मंदाकिनी भलती हुशार. पंडितांचं वाक्य संपायच्या आत तिला सगळं कळे, आणि मग ती जांभया देत हत्तीखान्यात पळे. महाराजांनी हत्तीलाच दोष दिला, तेव्हा सगुणा बोलून बसली, "पाठच रटाळ, तर ती तरी काय करणार?"

दुसऱ्या दिवशी गणिताचे, गायनाचे आणि वैद्यकाचे पंडित दरबारात 'माझंच शास्त्र मोठं' म्हणून भांडत होते. राजकन्या पेंगत होती. जेवणाची वेळ झाली, पुरणपोळ्यांचा वास आला, सगळे उठले. पाहतात तो काय! एकुलत्या एका दारात गजा फतकल मारून बसलेला!

"सगुणे, उठव त्याला!"

"माझं ऐकतच नाहीये, महाराज!" ती बाहेरून ओरडली. "आत एवढे पंडित आहेत की!"

गणितपंडितांनी हिशेब करून पालखीचा दांडा हत्तीखाली घातला. गजा ढिम्म! गवयांनी तान घेतली. गजा नुसताच डोलला. वैद्यांनी सुंठपूड हुंगवली. गजा असा शिंकला की तिघंही न्हाऊन निघाले!

राजकन्येची झोप पार उडाली. "थांबा! गाण्यावर तो एका अंगावर झुकतो. झुकला की दांडा रेटा, आणि तेव्हाच सुंठ!"

तान, रेटा, आऽऽक्छी! गजा उभा!

"दांडा माझा!" "तान माझी!" "सुंठ माझी!" पंडित पुन्हा जुंपले.

महाराज दारापाशी आले. "सगुणे, दुपार झाली. पाठ कुठाय?"

"आत्ताच झाला की, महाराज!"

"हा? हा कुठल्या शास्त्राचा पाठ?"

"माझ्या!" तिन्ही पंडित एकदमच ओरडले.

सगुणानं गजाच्या पायावर हळूच थाप मारली. गजा पुन्हा दारात बसला.

"ज्यांच्या एकट्याच्या शास्त्राचा हा पाठ असेल," ती म्हणाली, "त्यांनी आता एकट्यानं उठवावा!"

कुणी पुढं येईना. मंदाकिनी मात्र टाळ्या पिटत होती.

महाराज इतके हसले की पगडी घरंगळली. "गजाला राजगुरूचं आसन आणि रोज गाडाभर ऊस! आणि सगुणे, यापुढं राजकन्येचे पाठ तूच ठरवायचेस. पण आधी गुरुजींना उठव बाई, पोळ्या गार होताहेत!"