गोधडीत गेलेली ठकू

एकदा काय झालं, पौषातली वद्य चतुर्थी होती. धुकं इतकं दाट की दुपार झाली तरी अंगणातली तुळस दिसेना. राहीमावशीच्या ओसरीवर पाच पोरी गोधडी शिवायला शिकत होत्या. चौघींचे हात भराभर चालायचे. पाचवी ठकू. तिला सुईत दोरा ओवायलाच निम्मी सकाळ जायची.

रीत अशी, बरं का. सगळ्यांनी कडेनं गोल बसायचं आणि टाके घालत मध्याकडे सरकायचं. एक मागं राहिली की बाकीच्यांनी थांबायचं.

पण चौघींतल्या केसरला थांबायचा कंटाळा. ती म्हणाली, "ठके, ही गोधडी तुझी नातवंडं पांघरतील वाटतं." बाकीच्या फिदीफिदी हसल्या. मग केसरनं चिडून ठकूच्या वाटणीचे टाके स्वतःच घातले. भराभर, न बघता. त्यात ठकूच्या परकराची कड शिवली गेली. शिकाऊ हातांची ही नेहमीची चूक. ठकूनं कड फाडून घेतली आणि ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी पाहतात तर ठकूच्या परकरावरची फुलं नाहीशी झालेली, आणि गोधडीवर तीच उमटलेली. तरी केसरनं तिचे टाके घातलेच.

तिसऱ्या दिवशी ठकूचे ओठ नुसते हलायचे. आवाज यायचा तो गोधडीखालून. तरी केसरची सुई थांबली नाही.

मग चौथ्या दिवशी ठकूची जागा रिकामी. गोधडीच्या मधोमध एक उंचवटा. वर-खाली होत होता, हळूहळू, श्वास घेतल्यासारखा.

एकीनं कात्री उचलली. राहीमावशीनं तिचा हात धरला. "कात्री पोरीला लागेल. चिडून घातलेला टाका माणसाला आत ओढतो. ज्याचा त्यानंच उसवायचा. आज दिवेलागणीपर्यंत, नाहीतर ती कापडच होईल."

केसर उसवायला बसली. घाई केली की दोरा आवळायचा आणि खालून कण्हणं यायचं. मग ती सावकाश उसवू लागली. एकीनं कापड ताणून धरलं. एकीनं केसरची गारठलेली बोटं चोळली. एकीनं ठकूच्या जागेवरची धूळ पुसली, तिथं पाट मांडला.

दिवेलागण होत आली. शेवटचा टाका काही केल्या सुटेना. केसर गोधडीला कान लावून म्हणाली, "ठके, आम्ही थांबतो. दोरा ओवून देऊ का तुला?"

खालून आवाज आला, "दे. पण गाठ मी मारीन."

टाका सुटला. ठकू बाहेर आली, बर्फासारखी गार. चौघी तिला बिलगून बसल्या.

पुढं सगळ्या सुखानं राहिल्या. तुम्हीही आता कुशीवर वळा, बाळांनो, डोळे मिटा. ती गोधडी माघी पौर्णिमेला पुरी झाली, ठरल्यापेक्षा अकरा दिवस उशिरा. पाच जणी शिकायला आल्या होत्या, पाचही जणी शिकून घरी गेल्या.