धाकट्या स्पीकरचा रुसवा

वस्तू एकमेकींशी भांडायच्या आणि माणसांना त्यातलं काही ऐकू यायचं नाही, तेव्हाची गोष्ट. वामनतात्यांच्या घरी लाकडी खोक्यांचे दोन जुने स्पीकर होते, थोरला आणि धाकटा. दिवाळीच्या साफसफाईत तात्यांनी थोरल्याला आधी पुसलं, तेलाचा हात लावला. झालं! धाकट्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तेव्हापासून थोरल्याचा आवाज काढणारा पडदा पुढे आला की हा मुद्दाम आपला मागे ओढायचा, आणि तो मागे गेला की हा पुढे.

एकानं ढकललेली हवा दुसरा ओढून घ्यायचा, त्यामुळे आवाज पार हडकला. गाणं लावलं, तर तबल्यातला डग्गाच गायब.

"अहो, खपले आता हे ठोकळे," गिरिजाकाकू तात्यांना म्हणाल्या. "खाली भंगारवाला ओरडतोय. देऊन टाका."

तात्यांचं तोंड उतरलं. "एक शेवटचं गाणं ऐकू दे गं. मग दे."

धाकटा टरकला, पण गुरगुरला थोरल्यावरच, "बघ, तुझ्यामुळे!"

"गाढवा, तेल हवं तर माझं खरवडून घे," थोरला म्हणाला. "पण भंगारात आपण काय वेगवेगळे जाणार आहोत?"

एवढ्यात तात्यांनी गाणं लावलं आणि तबल्यावर थाप पडली. थोरल्याचा पडदा पुढे झाला. धाकट्यानं दातओठ खाल्ले आणि तोही पुढे झाला. डग्गा असा घुमला, की फडताळातली भांडी थरथरली. एकट्यानं कितीही बोंबललं तरी असा आवाज त्याला जन्मात जमला नसता.

गिरिजाकाकू जागीच थबकल्या. मग खिडकीशी जाऊन खाली ओरडल्या, "ए दादा, पुढं जा! आमच्याकडं गाणं चाललंय."