फुगडीतला दुसरा हात

एकदा एका उजाड पठारावरच्या वेधशाळेत एक वृद्ध ज्योतिर्विद आणि त्यांचा शिष्य राहत होते. शिष्य म्हणजे कोणी कोवळा पोर नव्हे. चाळिशीला टेकलेला संसारी गृहस्थ. पण संसारातून त्याचं मन उठलं होतं. त्याची एकुलती एक लहान मुलगी तापाचं निमित्त होऊन गेली, पत्नी बोलेनाशी झाली, आणि हा घर सोडून वर येऊन राहिला. "खाली घरात आता काही उरलं नाही, गुरुजी," एवढंच त्याने सांगितलं. गुरुजींनीही खोदून विचारलं नाही.

शोधासाठी त्याने निवडलेला विषय मात्र विलक्षण होता. आकाशात काही तारे एकटे दिसतात, पण स्थिर नसतात. जागच्या जागी डुलत असतात. पलीकडे कोणी ओढणारं असल्याशिवाय तारा असा डुलत नाही. कधीकाळी तिथे दोन तारे असतात. त्यांतला एक मरतो, त्याचं कृष्णविवर होतं आणि त्याचा प्रकाश कायमचा जातो. वजन मात्र जात नाही. मागे राहिलेला तारा त्या न दिसणाऱ्या वजनाभोवती फिरत राहतो. असा एक तारा शिष्याला हवा होता. कीर्तीसाठी नव्हे. जे विझलं तेही कुणाला तरी धरून असतं, याचा त्याला एक तरी पुरावा पाहिजे होता. दुःखी माणसाचे हट्ट असेच असतात. आपण त्यांना हसू नये.

पुरावा मिळेना. डुलणारा तारा सापडला की शिष्य आशेने मोजमापं घेई, आणि प्रत्येक वेळी गुरुजी विचारत, "दिवा शोधलास?" म्हणजे शेजाऱ्याच्या झगझगाटात एखादा मंद तारा लपला आहे का, ते आधी पाहायचं. काळोख म्हणण्याआधी दिवा शोधायचा, हा त्यांचा नियम. शिष्य शोधी, आणि दर वेळी कुठला तरी मिणमिणता म्हातारा तारा तिथे बसलेलाच असे. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हळूहळू त्याचं हसणं गेलं, झोप गेली.

जेवणही गेलं होतं. रोज सकाळी दूधगाडीबरोबर पत्नीने पाठवलेला डबा येई. तो उघडला तर भाकरीच्या वासाबरोबर सगळं घर वर चढून येईल, अशी शिष्याला धास्ती वाटे. तो डबा तसाच संध्याकाळच्या गाडीने परत पाठवी आणि चहा-बिस्किटांवर दिवस काढी. अंगावरचा सदरा त्याला आता ढगळ होऊ लागला होता.

अशात एके सकाळी तो कागद घेऊन धावत आला. "गुरुजी, सापडलं! एवढा मोठा तारा, पण कुणीतरी त्याला गदागदा हलवतंय. पलीकडे प्रचंड वजन असलंच पाहिजे. आजच सगळ्यांना कळवू या."

गुरुजींनी आकडे पाहिले. "ह्या ताऱ्याचं वजन कसं काढलंस?"

"इतका तेजस्वी, इतका फुगलेला तारा जडच असतो. तसं धरून चाललो."

"आणि दिवा शोधलास?"

शिष्याचा आवाज चढला. "तिथे दिवा नाही, गुरुजी! मला माहीत आहे, नाही!"

गुरुजींनी वहाणा काढल्या, धोतर खोचलं, अंगणात जाऊन हातांची कैची केली आणि म्हणाले, "ये. फुगडी घालू."

शिष्याला वाटलं, म्हातारा चळला. पण गुरूंचा शब्द मोडवेना. त्याने हात दिले. "डोळे मीट," गुरुजी म्हणाले, आणि पायाला पाय भिडवून त्यांनी गिरकी घेतली. दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यातच शिष्याचे पाय जमिनीवर ठरेनात. "पुरे, पुरे!" तो ओरडला.

धापा टाकत गुरुजींनी विचारलं, "काय रे, किती जड आहे मी?"

"दिसता तसे हलके नाही. डोंगर ओढतोय असं वाटलं."

"अरे, जोराचा वारा सुटला तर मी खांबाला धरतो! मी जड नाही, तूच हलका झाला आहेस. ओढला जाणारा आतून पोकळ असला की पलीकडचं कोणीही त्याला डोंगर वाटतं. तुझा तारा फुगलेला आहे, म्हणून तो भरलेलाही आहे, हे तुला कुणी सांगितलं? आणि पलीकडे काळोखच असावा, ही तुझी इच्छा होती. म्हणून तू दिवा शोधला नाहीस." त्यांनी वहाणा पायांत सरकवल्या. "घरीही शोधला नाहीस. तो डबा काय आपोआप येतो?"

शिष्य रागाने आत गेला. पण नियम तो नियम. मोठ्या ताऱ्याचा प्रकाश त्याने मोजमापांतून वजा केला, आणि खाली दुसऱ्या ताऱ्याचा पुसट प्रकाश निघाला. मोठा तारा खरोखर पोकळ होता. आपलं बहुतेक अंग त्याने कधीच जोडीदाराला देऊन टाकलं होतं. आणि तो जोडीदार जिवंत होता. एका जित्या ताऱ्याला आपण मेलेला ठरवणार होतो, हे कळल्यावर शिष्य पायरीवर बसला आणि ओक्साबोक्शी रडला. शेवटची आशाही संपली होती.

तेवढ्यात दूधगाडी आली. आज प्रथमच त्याने डबा उघडला. वर शेपूची भाजी, खाली दोन भाकऱ्या आणि त्यांच्या मधोमध तळहाताएवढी एक चानकी. परातीत शेवटी उरलेल्या पिठाची ही इवलीशी भाकरी आया लहान मुलांसाठी थापतात. त्या घरात ती खाणारं आता कोणी नव्हतं. शिष्य कितीतरी वेळ तिच्याकडे पाहत राहिला.

संध्याकाळी दूधगाडी खाली उतरली, तेव्हा तो रिकामा डबा मांडीवर घेऊन गाडीत बसला होता. घरी पत्नी चुलीपाशी बसली होती. तिने वर पाहिलं नाही. तो शेजारी बसला आणि हळूच म्हणाला, "चानकी रोज करतेस?"

कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ती बोलली.

"हात थांबत नाही."

तो पुन्हा वेधशाळेत जाऊ लागला, पण आकाशात त्याला तसा तारा पुढेही कधी सापडला नाही. त्या दिवसापासून मात्र त्याने चानकी कधी परत पाठवली नाही.