चूक जिकडे, माशी तिकडे

फार फार वर्षांपूर्वी, चिंचघळीत माणसांपेक्षा झाडं जास्त होती तेव्हाची ही गोष्ट. गावात बंदूक एकच. संस्थानानं दिलेली, आणि सांभाळायची संभू नाइकानं. त्याच्या आज्यापासून गावाची राखण त्याच घराकडे होती. संभू उडत्या तित्तराचं पीस निवडून पाडायचा, असं म्हणतात. तित्तराचं म्हणणं काय होतं, ते कुणी विचारलं नाही.

एका साली बिबट्या आला. गोठ्यांतून एकेक वासरू जाऊ लागलं. संभूनं तीनदा बार टाकला आणि तीनदा हुकला. मग काय, गावच ते! काल ज्यांनी त्याला खांद्यावर घेतलं, तेच म्हणू लागले, संभू भ्याला, संभूला भूल पडली. कुणी तर त्याची बिबट्याशी सोयरीकही जुळवली. पाटलांनी निरोप धाडला, "सोमवारी बंदूक चावडीवर ठेव. राखण दुसऱ्याकडं जाईल."

संभूला घास गोड लागेना. आज्याची राखण आपल्या हातानं बुडणार, हे त्याला मरणाहून वाईट वाटलं.

रविवारी त्याच्या दारात मदारचाचा उभे राहिले. कोयत्या-सुऱ्यांना धार लावणारे म्हातारे शिकलगार. एका डोळ्यात फूल पडलेलं, पण दुसऱ्या डोळ्याला मुंगीच्या मिशा दिसत, असं म्हणतात. ज्या घराची पायरी सगळ्यांनी सोडली होती, तिथं ते न बोलावता आले.

"संभू, बांधावर गोवरी लाव. तीन बार टाक."

तिन्ही गोळ्या गोवरीच्या डावीकडे, हातभर लांब गेल्या. पण तिन्ही एकाच जागी. वर वाटी पालथी घातली तर झाकल्या असत्या.

चाचा खदखदून हसले. "आरं, हात इमानी हाय तुजा! हात खोटा असता तर गोळ्या चारी दिशांना गेल्या असत्या. माशी शिंकलीया तुजी!"

बंदुकीच्या नळीच्या टोकावर नेम धरायचा जो लोखंडी काटा असतो, त्याला माशी म्हणतात. 'माशी शिंकली' हे बोलणं त्या दिवशी आमच्याच गावात जन्मलं, असं चिंचघळकर छातीठोकपणे सांगतात. बाकीची गावं मानत नाहीत. न मानोत.

"हिला हात कुणी लावला?" चाचांनी विचारलं.

संभूनं मान खाली घातली. घाटात बंदूक दगडावर पडली होती. गोळी डावीकडे जाऊ लागली, म्हणून त्यानंच माशी ठोकून उजवीकडे सारली होती.

"तितंच चुकलास बाबा. चूक जिकडं, माशी तिकडं न्यायची. चुकीपासनं लांब पळालं की चूक वाढती."

चाचांनी पितळी हातोडी काढली. टिक. टिक. तेवढ्यात एक खरीखुरी माशी येऊन त्या लोखंडी माशीवर बसली, असं म्हणतात. चाचा ठोकत राहिले, ती हलली नाही. ती उडाली तेव्हाच त्यांनी हात थांबवला. पुढच्या तिन्ही गोळ्या गोवरीच्या मधोमध लागल्या. संभू तिथंच बांधावर बसून रडला.

त्याच दिवशी दिवस कलताना बिबट्यानं गऊबाईचं वासरू पायांखाली दाबलं. संभूनं नेम धरला. गोळी वासराच्या गळ्यातल्या घंटेला चाटून बिबट्याच्या कपाळात गेली. घंटा वाजली, वासराला ओरखडा नाही. सोमवारी बंदूक चावडीवर गेली नाही.

वर्षं गेली, चाचा गेले. मग एकदा पाटलांनीच भावकीच्या वादात खोटी साक्ष दिली. गाव त्यांच्या घरचं पाणी पिईना. तेव्हा म्हातारा संभू नाईक उठला. चाचांच्या थडग्यावरच्या चिंचेला वासराच्या गळ्यातली ती घंटा त्यानंच टांगली होती. चाचांच्या पितळी हातोडीनं त्यानं ती तीनदा वाजवली आणि काठी टेकत जाऊन पाटलांच्या पायरीवर बसला. "पानी द्या," म्हणाला.

आता संभू नाही, बंदूक केव्हाच सरकारात जमा झाली. घंटा आहे. गोळीचा पोचा बोटाला अजून लागतो. गावात कुणाचं चुकलं की सगळ्यांत वडीलधारं माणूस ती तीनदा वाजवतं आणि त्या घराकडे चालू लागतं. घरातल्यालाही ती ऐकू येते. मग तो उठतो, दाराची कडी काढतो आणि तांब्या भरून ठेवतो.